प्रवासवर्णनातील भाड्याची मोटार

मराठी समीक्षेने प्रवासवर्णनाचा विचार केला तो मुख्यतः प्रवाशाच्या व्यक्तिमत्त्वाच्या अंगाने. लेखक रसिक आहे की अभ्यासू, मिस्कील आहे की भाविक, त्याची दृष्टी स्थळांवर रेंगाळते की माणसांवर, याच प्रश्नांभोवती ही चर्चा फिरत राहिली. वसंत सावंत यांच्या ‘प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार’ या ग्रंथाने या लेखनाला स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्याची शिस्त आणली, परंतु प्रवासी कशात बसून पाहतो, हा प्रश्न त्यानंतरही तपशिलाचाच मानला गेला. बैलगाडी, आगगाडी, बोट, विमान, मोटार ही साधने आहेत आणि साधने लेखनाच्या बाहेरची असतात, असे जणू गृहीत धरले गेले.

वस्तुतः वाहन हे प्रवासवर्णनाच्या निवेदनाचेच एक अंग आहे. पाहण्याची उंची, पाहण्याचा वेग, थांबण्याची जागा, कोणाशी बोलणे भाग पडते आणि कोणाशी बोलणे टाळता येते, हे सारे वाहन ठरवते. आगगाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्या माणसाला जवळचे काहीच स्पष्ट दिसत नाही. दूरचे मात्र सलग सरकत्या चित्रासारखे दिसते, आणि त्यातून पाहण्याची एक नवीच सवय एकोणिसाव्या शतकात घडली, हे वोल्फगांग शिव्हेलबुश यांनी १९७७ मध्ये आपल्या रेल्वेप्रवासाच्या इतिहासात दाखवून दिले. भाड्याच्या मोटारीबद्दल असा विचार मराठीत व्हावयास हवा. कारण गेल्या तीन दशकांत मराठी मध्यमवर्गाचे जे प्रवासलेखन वाढले, त्यातील मोठा भाग या मोटारीतून लिहिला गेला आहे. त्यातही बेटावरील सुट्टीचे लेखन या दृष्टीने विशेष बोलके आहे. खंड मोटारीने संपत नाही, बेट संपते. चार दिवसांत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून मोटार निघाल्या जागी परत येते, आणि लेखकाला ‘पाहून झाले’ असे म्हणता येते.

या ‘झाले’मध्ये बरेच काही दडलेले आहे. बोलीत आज सर्रास ‘आम्ही बाली केलं’, ‘मॉरिशस झालं, आता श्रीलंका करायचंय’ असे म्हटले जाते. स्थळनामाला ‘करणे’ हे क्रियापद जोडण्याची ही लकब पर्यटन कंपन्यांनी घडवलेली नव्हे. ती ‘काशी केली’, ‘चारी धाम केले’ या यात्रेच्या भाषेतून आलेली आहे. यात्रेत या क्रियापदाला अर्थ होता. क्षेत्र, विधी आणि क्रम हे सारे आधी ठरलेले असे. म्हणूनच ते पुरे करता येत असे. नर्मदेच्या परिक्रमेतही वर्तुळ असते. ते पायांनी पुरे करावयाचे, प्रवाह ओलांडावयाचा नाही, आणि काठावरच्या माणसांनी दिले तर जेवावयाचे, असा तिचा दंडक आहे. गो. नी. दांडेकर यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’सारख्या पुस्तकामागे परिक्रमेची ही शिस्त उभी आहे. चालणारा काठाचा आश्रित असल्यामुळे काठाकडे दुर्लक्ष करणे त्याला परवडतच नाही. बेटाभोवती फिरणाऱ्या मोटारीने यात्रेतले वर्तुळ घेतले, क्रियापद घेतले, आश्रितपण तेवढे सोडले. पैसे आगाऊ भरलेले असतात.

भाड्याच्या मोटारीचेही दोन प्रकार आहेत, आणि निवेदनाच्या दृष्टीने त्यांतील फरक मोठा आहे. एकीत चालक असतो. दुसरी प्रवासी स्वतः चालवतो. चालक असलेल्या मोटारीच्या लेखनात त्याच्याइतके महत्त्वाचे दुसरे पात्र नसते. तो माहिती पुरवतो, विनोदाला निमित्त होतो, लेखकाच्या अज्ञानावर पांघरूण घालतो, आणि देशाविषयीचा एखादा सर्वसाधारण सिद्धांत मांडावयाचा झाल्यास तो त्याच्याच तोंडी घातला जातो. तो या लेखनाचा अघोषित दुय्यम निवेदक होय. त्याचे नाव बहुधा सांगितले जाते, आडनाव नाही; आणि दिवस संपल्यावर तो कोठे झोपतो, हे फारच थोडे लेखक विचारतात. तरीही तो असतो. लेखकाच्या विधानाला अडखळण्यासाठी का होईना, एक दुसरा आवाज संहितेत असतो.

स्वतः चालवलेल्या मोटारीत तोही उरत नाही. येथे प्रवासी स्वतंत्र झाला, असे वाटते. पाहिजे तेथे वळावे, पाहिजे तेथे थांबावे. प्रत्यक्षात मोटार थांबते ती जेथे थांबण्यासाठी रस्ता रुंद केलेला आहे तेथेच. आणि रस्ता रुंद कोठे करावयाचा, हे कोणीतरी आधीच ठरवलेले असते. रोलां बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’मध्ये (१९५७) एका प्रसिद्ध प्रवास-मार्गदर्शिकेची चिकित्सा करताना दाखवले आहे की, अशा पुस्तकांना देश दिसतो तो डोंगर, दऱ्या आणि स्मारके यांच्या रूपात, माणसे उरतात ती नमुन्यापुरती. स्वतः मोटार चालवणारा प्रवासी त्या मार्गदर्शिकेच्या आज्ञेतच असतो. फरक इतकाच की आता आज्ञा पुस्तकातून नव्हे, मोटारीतल्या यंत्राच्या आवाजातून येते आणि वळण किती मीटरवर आहे तेवढेच सांगते. (आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मोटार चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असतात. देश पाहतो तो शेजारी बसलेला. कौटुंबिक सहलींच्या वर्णनांत पाहणारा आणि चालवणारा निराळे असतात, पण वर्णनात मात्र एकसंध ‘आम्ही’ उरतो. या ‘आम्ही’ची फोड एखाद्या अभ्यासकाने अवश्य करावी.)

मॉरिशसचे उदाहरण येथे सर्वांत उपयोगी पडेल. सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद असे हे बेट समुद्राच्या तळातून आलेल्या लाव्ह्याने घडले. क्यूरपीप शहरात ‘ट्रू ओ सेर’ या निद्रिस्त ज्वालामुखीच्या कडेपर्यंत मोटार जाते. मुखाभोवती रस्ताच आहे. आज गंगा तलाव म्हणून पुजला जाणारा ग्रां बासां हाही ज्वालामुखीच्या मुखात साचलेला तलाव. शामारेल येथील ‘सात रंगांची माती’ ही कुजलेल्या बेसॉल्टचीच माती आहे. लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी तिला रंग दिले. पर्यटकाच्या एका दिवसाच्या फेरीत ही तिन्ही स्थळे सहज बसतात, आणि त्यांच्या वर्णनांत ‘निसर्गाची किमया’ या शब्दांपलीकडे फारसे काही येत नाही. मराठी प्रवाशाला येथे मोटार चालवणे सोपे जाते, कारण वाहतूक डाव्या बाजूने चालते. हा सोपेपणाही इतिहासाने दिलेला आहे. ज्या ब्रिटिश सत्तेने १८१० ते १९६८ या काळात बेटावर राज्य केले आणि रस्त्याची डावी बाजू ठेवली, तिनेच १८३४ पासून सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर गिरमिटावर येथे उतरवले.

परंतु बेटावरील सर्वांत वाचनीय गोष्ट यांपैकी नाही. उसाच्या मळ्यांमधून जाताना काचेबाहेर काळ्या दगडांचे ढीग दिसतात. काही नुसतेच लोटलेले, काही पायऱ्यापायऱ्यांनी नीट रचलेले. दक्षिणेकडील अशा काही रचनांना हौशी मंडळींनी पुरातन पिरॅमिडही ठरवून टाकले. ते शेत मोकळे करताना काढलेले दगड आहेत. आधी गुलामांनी आणि नंतर गिरमिटिया मजुरांनी लाव्ह्याच्या या भूमीतून एकेक दगड हाताने उचलून कडेला रचला, तेव्हा त्या जागी ऊस उभा राहिला. ‘दगड उलथला की खाली सोने सापडते’ असे सांगून आपल्या पूर्वजांना आणले गेले, ही कथा मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अभिमन्यु अनत यांनी ‘लाल पसीना’ (१९७७) या हिंदी कादंबरीत मळ्यावरच्या या माणसांना वाङ्मयात जागा मिळवून दिली. ती कादंबरी वाचलेल्या माणसाला मळ्यातला ढीग ढीग म्हणून दिसणे शक्य नाही. तो त्याला श्रमाचा लेख म्हणून दिसेल. मोटारीतून जाणाऱ्या वर्णनात तो ‘हिरव्यागार उसात उठून दिसणारा काळा कातळ’ होतो. दोन्ही वाक्ये खरी आहेत. एकात मात्र तो कातळ तेथे कोणी आणून ठेवला, हा प्रश्न पडण्यापूर्वीच मोटार पुढे गेलेली असते.

बेर्नार्दें द सें-प्येर या फ्रेंच लेखकाने अठराव्या शतकात याच बेटाची फेरी पायी केली होती. १७७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात गुलामांच्या हालांवर लिहिलेले पत्र आजही वाचले जाते. पुढे याच लेखकाने ‘पॉल आणि व्हर्जिनी’ लिहून बेटाचे एक स्वप्नाळू चित्र युरोपला दिले, आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी प्रवासवृत्त बाजूला ठेवून ते चित्रच उचलले. याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

मराठी प्रवाशाच्या मॉरिशस-वर्णनात एक प्रसंग जवळजवळ अटळ असतो. दुकानात, देवळात किंवा हॉटेलात कोणीतरी मराठी आडनावाचा माणूस भेटतो. दोनचार मराठी वाक्ये होतात. लेखक सद्गदित होतो. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, हे आदराने सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. मात्र या प्रसंगाची रचना तपासली तर दिसते की, ‘तुम्ही मराठी कसे टिकवले?’ हा प्रश्न येथे विचारला जातो. ‘तुम्हाला जावे का लागले?’ हा विचारला जात नाही. पहिल्या प्रश्नाने लेखकाच्या अस्मितेला दाद मिळते. दुसऱ्याने त्याला मुंबई बंदराकडे, तेथून कोकणातल्या कर्जबाजारी वाडीकडे, म्हणजे स्वतःच्याच जिल्ह्याकडे परतावे लागेल. ‘आपला माणूस’ ओळखण्याचा आनंद या लेखनात प्रश्न मिटवण्यासाठी वापरला जातो, असे खेदाने म्हणावे लागते.

येथे ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे या गावाकडे वळणे विषयांतर ठरू नये. कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागे पडले की वैशाखरे येते. पुढे उजवी-डावी करीत रस्ता माळशेज घाटाला लागतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याहून भाड्याच्या मोटारींची रांग येथून जाते. सहलीच्या पुरवण्यांमधील लेखांत वैशाखरे येते ते अंतर सांगण्यापुरते : अमुक किलोमीटर आले की नाणेघाटाची वाट सुटते. डोंगराचे वर्णन तपशिलाने होते, धबधब्यांचे त्याहून अधिक. गाव हा केवळ एक टप्पा असतो.

आणि डोंगर कोणता? सह्याद्रीच्या कड्यावर जे आडवे थर दिसतात, ते एकावर एक वाहत आलेल्या लाव्ह्याचे थर आहेत. पायऱ्यांसारख्या या रचनेमुळेच त्यांना ‘ट्रॅप’ हे नाव पडले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर हा लाव्हा पसरला. भूशास्त्रात पुष्कळांना मान्य असलेल्या मतानुसार ज्या तप्तस्थानावरून तेव्हा भारताचा भूपट्ट सरकत होता, तेच तप्तस्थान पुढे लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी खूण मागे ठेवीत ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस आणि त्यानंतर रेयुनियों ही बेटे घडवून गेले. रेयुनियोंवरचा पितों द ला फुर्नेझ आजही वरचेवर जागा होतो. म्हणजे वैशाखऱ्यावरून जाऊन, विमानतळ गाठून, सहा-सात तास उडून मराठी प्रवासी जो ‘अद्भुत ज्वालामुखीय कातळ’ पाहतो, तो त्याच्या गावच्या कातळाचा धाकटा भाऊ आहे. कोकणातला जांभा आणि शामारेलची रंगीत माती यांचेही नाते तसेच जवळचे. ही वस्तुस्थिती एखाद्या प्रवासवर्णनात कुतूहलाची बाब म्हणून येईलही. प्रश्न तिच्या उल्लेखाचा नाही. जवळचा डोंगर ‘सहलीचा’ आणि दूरचा ‘अद्भुत’ ही वर्गवारी कातळाने केलेली नसून पाहणाऱ्याच्या तिकिटाने केलेली आहे, एवढे तिच्यावरून स्पष्ट व्हावे.

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. १८२८ मध्ये कर्नल साइक्स यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राणी नागनिकेच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या या लेखात यज्ञांची, गाईंची, घोड्यांची, कार्षापणांची मोजदाद आहे. मागच्या भिंतीवरच्या राजपुरुषांच्या मूर्ती नाहीशा झाल्या. वरची नावे राहिली. कल्याण बंदरातून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाणारा माल याच वाटेने चढत असे. जवळच कातळात पाण्याची टाकी आहेत. म्हणजे हा घाट प्रवासाचा आहेच. पण त्याचे वाङ्मय म्हणून फक्त शिलालेखाकडे पाहणे अपुरे होईल. त्याच सातवाहन परंपरेत हालाच्या नावाने संकलित झालेली ‘गाथासप्तशती’ आहे, आणि तिचा प्रवासवर्णनाशी संबंध लावण्याचा मोह आवरू नये.

स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे ही गाथा मराठी वाचकाला जवळची झाली. तिच्यात पथिक पदोपदी भेटतो. तो पावसाच्या आधी घरी पोचण्यासाठी धडपडतो, परक्या गावात रात्र काढतो, ढग पाहून व्याकूळ होतो. परंतु गाथेचा बोलणारा आवाज फार वेळा त्याचा नसतो. तो मागे राहिलेल्या स्त्रीचा, तिच्या सखीचा, वाटेवरच्या गावातल्या कोणाचा असतो. संस्कृतात ‘प्रवास’ या शब्दाचा मूळ अर्थच घरापासून दूर राहणे असा आहे. हिंडणे हा नंतरचा. त्यामुळे जुन्या वाङ्मयात प्रवास सांगण्याचा पहिला अधिकार ज्याच्यावाचून घर रिते झाले त्या माणसाला होता. पथिक तेथे पाहणारा नाही, पाहिला जाणारा आहे. पाणपोईवरची ती प्रसिद्ध गाथा आठवावी. पाणी पिणारा वाटसरू ओंजळीची बोटे सैल सोडतो, म्हणजे पाणी गळत राहावे आणि पाजणारीकडे अधिक वेळ पाहता यावे. आणि तीही तितक्याच हुशारीने धार बारीक करीत नेते. येथे दोन नजरा आहेत आणि दोहोंचे वजन सारखे आहे. वाटसरू तहानलेला आहे, हे या समतेचे कारण आहे. मोटारीत पाण्याच्या बाटल्या असतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पायी चालणाऱ्याचे लेखन खरे आणि मोटारीतल्याचे खोटे, असे म्हणावयाचे आहे काय? तसे म्हणता येणार नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हे पायी प्रवासाचे अपूर्व पुस्तक. सत्तावनच्या धामधुमीत अडकलेला हा वरसईचा भिक्षुक आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन परत येतो. परंतु १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी ते प्रसिद्ध करताना त्यात फेरफार केले, आणि मूळ रूप दत्तो वामन पोतदार यांच्यामुळे १९६६ मध्ये वाचकांसमोर आले. पायी चाललेल्या अनुभवावरही संपादकाची काच चढू शकते. दुसरीकडे, गिर्यारोहकांच्या लेखनात चढाची वेळ, कड्याची उंची आणि सर केलेल्या किल्ल्यांची संख्या यांचीच यादी होत जाते, तेव्हा तेही चालतचालत केलेले ‘करणे’च असते.

उलट मोटारीचे लेखन किती भेदक होऊ शकते याचा नमुना जमेका किंकेड यांच्या ‘अ स्मॉल प्लेस’ (१९८८) या छोट्या पुस्तकात आहे. अँटिग्वा बेटावरच्या या पुस्तकाचा प्रारंभ विमानतळावरून निघालेल्या टॅक्सीतच होतो. मात्र तेथे निवेदक टॅक्सीत बसलेला नाही. बेटावर वाढलेली लेखिका त्या प्रवाशाला ‘तू’ म्हणून संबोधते आणि त्याला जे दिसते ते एकेक करून त्याच्याच हाती उलटे देते. नवी कोरी जपानी मोटार असा विचित्र आवाज का करते? तिला न मानवणारे इंधन तिच्यात भरलेले आहे म्हणून. जुनी ग्रंथालयाची इमारत बंद का आहे? १९७४ च्या भूकंपाने मोडली आणि दुरुस्तीची पाटी लागून राहिली म्हणून. मोटार तीच, रस्ता तोच, खिडकीही तीच. बदलले आहे ते बोलण्याचे स्थान. किंकेड यांचा कडवटपणा काही ठिकाणी एकसुरी होतो आणि ‘तू’च्या आत राहणाऱ्या माणसाला ती माणूसपण नाकारते, हेही नोंदवले पाहिजे. पण प्रवासवर्णनाचा निवेदक कोण असावा, हा प्रश्न तिने कायमचा उघडा केला.

मराठीत या प्रश्नाला अगदीच स्पर्श झाला नाही असे नाही. पु. ल. देशपांडे यांच्या प्रवासलेखनाची खरी ताकद विनोदात असल्याचे सांगितले जाते. ती त्या विनोदाच्या दिशेत आहे. तेथे हसू येते ते बहुधा पाहणाऱ्याचे. परदेशात बावरलेला, पोटाची आणि पैशाची काळजी करणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस स्वतःच दृश्य होतो, आणि त्यामुळे देशाला थोडी मोकळी जागा मिळते. ‘पूर्वरंग’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले बाली मराठी वाचकाच्या मनात नृत्याचे आणि देवळांचे बेट म्हणून कायमचे वसले. त्याच वर्षी बालीवरील आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि हजाराहून अधिक माणसे दगावली. पुस्तकाने हे आधी ओळखावयास हवे होते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यानंतरच्या साठ वर्षांत बालीला जाऊन आलेल्या मराठी लेखनाने मोटारीतून पाहिलेला आगुंग कसा वर्णिला, हे तपासण्यासारखे आहे. डोंगर पार्श्वभूमीला असतो; त्याच्या उतारावर पुन्हा शेती करणारी माणसे क्वचित असतात. पु.लं.ची मिस्किली उचलणाऱ्यांनी तिचा रोख मात्र उलटा केला. हसू आता चालकाच्या इंग्रजीचे येते.

प्रवासवर्णनाच्या व्याख्येचा फेरविचार करावयाचा झाल्यास त्याची सुरुवात दूरच्या बेटापासून करण्याची गरज नाही. ठाणे-रायगडच्या डोंगरपट्ट्यातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भांडी, कोंबड्या, पोरे यांसह ट्रकमध्ये बसून वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेतलेली असते. ती फेडण्यासाठी जावयाचे असते. या प्रवासाला ठरलेला ऋतू आहे, मार्ग आहे, परत येणे आहे, परक्या जागी राहणे आहे. ‘प्रवास’ या शब्दाच्या मूळ अर्थाच्या तो सहलीपेक्षा अधिक जवळ आहे. त्याची नोंद समाजशास्त्राच्या अहवालांत होते, कधी दलित-आदिवासी साहित्याच्या चर्चेत होते. प्रवासवर्णनाच्या सूचीत होत नाही. ट्रक आणि भाड्याची मोटार यांची गाठ असल्या रस्त्यावर पडते ती समोरासमोर, क्षणभर. त्या क्षणाचे वर्णन मोटारीतल्याने केले आहे काय, हे शोधून पाहावे. ट्रकमधल्याने केले असेल, तर ते कोणत्या प्रकारात नोंदवले गेले, हेही. गाथेतली एक स्त्री, नवरा गेला त्याच दिवशी ‘आज गेला, आज गेला’ म्हणत अर्धा दिवस सरण्यापूर्वीच भिंत रेघांनी भरून टाकते. तिच्या त्या भिंतीला प्रवासवृत्त म्हणण्यास जोगळेकरांच्या वाचकाने आजवर हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.